शंका अशक्यप्राय, अज्ञान मात्र खरे

स्पर्शाने, टॉवेलने, पोहण्याच्या पाण्याने गर्भ राहील काय, या धास्तीत अनेक तरुण मुली आणि मुलगेही दिवस काढत असतात. त्यांच्या शंकांना हसण्यापूर्वी त्या कोठून येतात, हे पाहिले पाहिजे. या प्रश्नावर काय करता येईल, याचे एक उत्तर बार्शी तालुक्यातच चार दशकांपूर्वी शोधले गेले होते.

सोलापूर जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यातील बार्शी हे बाजारपेठेचे गाव तसेच शिक्षणाचेही. वैरागपासून पलीकडच्या धाराशिव जिल्ह्यातील परंडा-भूमपर्यंतची मुले-मुली अकरावी-बारावीसाठी आणि महाविद्यालयासाठी येथे येतात. कोणी रोज एसटीने ये-जा करते, कोणी खोली घेऊन राहते. घराच्या नजरेबाहेर पडण्याचे, मैत्रीचे आणि क्वचित प्रेमाचेही हेच वय. अशा वयात पाळी चार-आठ दिवस लांबली की मनात जे काहूर उठते त्याची वाच्यता सहसा कोठेच होत नाही. त्याने हात धरला होता, त्यामुळे तर नसेल? चुंबन घेतले होते. भावाचा टॉवेल वापरला होता. एसटीतल्या गर्दीत कोणी अंगाला खेटले होते. वसतिगृहातले स्वच्छतागृह कोणी आधी वापरले असेल. वैद्यकदृष्ट्या या शंकांत तथ्य नाही. पण ज्या मुलीच्या मनात त्या येतात तिची झोप मात्र खरोखरच उडालेली असते.

हे केवळ ग्रामीण भागाचे अडाणीपण आहे, असे मानण्याचे कारण नाही. मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात २००५ पासून डॉ. महिंदर वत्स लैंगिक शंकांना उत्तरे देत असत. २०२० मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या सदराकडे येणारी पत्रे महानगरातील इंग्रजी वाचणाऱ्यांची होती, आणि तरीही त्यांतील पुष्कळ पत्रांचा मजकूर अगदी प्राथमिक अज्ञानाचा असे. म्हणजे इंग्रजी शाळेत गेल्याने किंवा हातात मोबाइल आल्याने हा अंधार आपोआप दूर होत नाही. मोबाइलवर तर एका शंकेचे उत्तर शोधताना दहा नव्या शंका पदरात पडतात.

वैद्यकशास्त्राचे म्हणणे अगदी साधे आहे. गर्भ राहण्यासाठी जिवंत शुक्राणू योनीमार्गातून वर चढून गर्भनलिकेत स्त्रीबीजापर्यंत पोहोचावे लागतात. त्वचेतून, कपड्यातून, तोंडातून वा पोटातून त्यांना तेथे जाण्याचा रस्ताच नाही. शरीराबाहेर त्यांचा निभाव फारसा लागत नाही आणि वीर्य वाळले की शुक्राणूही संपतात. त्यामुळे टॉवेल, बाक, बसची सीट किंवा कमोड यांपासून गर्भधारणा होत नाही. पोहण्याच्या तलावात किंवा विहिरीत शुक्राणू एवढ्या पाण्यात विखुरतात आणि इतक्या लवकर नष्ट होतात की त्या भीतीलाही आधार नाही. शरीरात मात्र तेच शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. स्त्रीबीजाचे आयुष्य जेमतेम एका दिवसाचे. म्हणून एका पाळीचक्रात गर्भधारणेला अनुकूल असे साधारण सहाच दिवस असतात. संपूर्ण संबंध न येताही गर्भ राहण्याची एकच वाट उरते, ती म्हणजे ताजे वीर्य थेट योनीच्या तोंडाशी लागणे. ही शक्यता कमी असली तरी शून्य नाही, आणि सल्ला देणाऱ्याने ती लपवू नये. ‘काही होत नाही, अभ्यास कर’ असे सरसकट सांगून जो मोकळा होतो त्याच्यावर पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवत नाही.

आता या शंकांच्या उगमाकडे वळू. मराठी घरात लहान मुलाने ‘आई बाजूला का बसली?’ असे विचारले, की पिढ्यान् पिढ्या एकच उत्तर मिळत आले, ‘तिला कावळा शिवला.’ म्हणजे पाळी ही शिवण्यामुळे, स्पर्शामुळे घडणारी गोष्ट. पुढे मुलीला न्हाण आले की तिला सांगितले जाते, ‘आता तू शहाणी झालीस, मुलांमध्ये खेळायचे नाही, कोणाला अंगाला हात लावू द्यायचा नाही.’ का, ते कोणी सांगत नाही. कावळ्याच्या शिवण्याने एक गोष्ट घडत असेल तर मुलाच्या शिवण्याने दुसरी का घडणार नाही, असा तर्क एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीने केला तर त्या तर्कात दोष काढणे कठीण आहे. दोष तिला दिलेल्या माहितीत आहे. ‘तिला दिवस गेले’ या शब्दप्रयोगाचेही तसेच. आपल्या भाषेने गर्भ राहणे हे पाळीचे दिवस उलटण्यावरूनच ओळखले. त्या काळी दुसरी खूण हाताशी नव्हती. पण त्यामुळे दिवस उलटणे म्हणजे दिवस जाणे हे समीकरण मनात पक्के बसले. वास्तविक न्हाण आल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाळीचे चक्र २१ ते ४५ दिवसांपर्यंत पुढेमागे होणे स्वाभाविक असते. परीक्षेचा ताण, वजनातील चढउतार, थायरॉइड, बीजकोशांचे विकार अशी अनेक कारणे त्यामागे असतात. आणि पाळी चुकल्याच्या भीतीने येणारा ताणच पाळी आणखी लांबवतो, हा या प्रकरणातला सर्वात क्रूर विनोद म्हणावा लागेल.

कथा-पुराणांचा संस्कारही विसरता येणार नाही. कुंतीला मंत्राने पुत्र झाला, दशरथाच्या राण्यांना पायसाने झाले, मच्छिंद्रनाथ मत्स्याच्या पोटी आणि गोरक्षनाथ भस्मातून जन्मले. नवनाथांची पोथी या भागात घरोघर भक्तिभावाने वाचली जाते. त्या श्रद्धेला कोणी हात लावण्याचे कारण नाही. पोथी शरीरशास्त्र शिकवण्यासाठी लिहिलेलीच नाही. अडचण एवढीच की गर्भ कसा राहतो याविषयी मुलांच्या कानावर जे काही पडते ते जवळजवळ सारे अपवादात्मक, आणि जे नित्याचे त्याविषयी सगळीकडे मौन.

गंमत म्हणजे शाळेचे पुस्तकही याला फारसे अपवाद नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या २०१८ पासूनच्या विज्ञानाच्या पुस्तकात पुनरुत्पादनाचा पाठ आहे. त्यात पुरुष आणि स्त्री यांची प्रजननसंस्था, ऋतुचक्र, फलन हे सारे आकृत्यांसह दिलेले आहे. पुढे काचनळीतील फलन, भाडोत्री मातृत्व आणि वीर्यपेढी यांचीही माहिती आहे. पुस्तक वाईट नाही. वर्गात तो पाठ कसा शिकवला जातो, हा खरा प्रश्न. अनेक ठिकाणी ‘घरी वाचून घ्या’ एवढ्यावर तो आटोपतो. मग विद्यार्थ्याच्या लक्षात राहते ते हे, की शुक्राणू पेढीत साठवता येतात आणि संबंधाशिवायही मूल होते. शुक्राणू पेढीत वर्षानुवर्षे टिकतात तर टॉवेलवर दोन तास का टिकणार नाहीत? पेढीतील उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनाविषयी त्याला कोणी सांगितलेले नसते.

महाराष्ट्राने या विषयात कधी काळी देशाला वाट दाखवली होती, हे आठवले की आजची स्थिती अधिकच खटकते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले होते. १९२७ च्या जुलैमध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ते चालवले. या मासिकात वाचकांच्या खासगी शंकांना ते आडपडदा न ठेवता उत्तरे देत. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलेले सारेच अश्लील कसे ठरते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मात्र त्यांनी मासिक बंद केले नाही. त्यानंतर सात दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, २००७ मध्ये, केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम शाळांत आला तेव्हा त्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळात सदस्यांनी पक्षभेद विसरून त्याला विरोध केला आणि राज्य सरकारने तो थांबवला. चित्रे आक्षेपार्ह असल्याचे कारण दिले गेले. चित्रे बदलता आली असती. विषयच गुंडाळला गेला.

पुढे २०२० पासून आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमात शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद झाली. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालपत्रात लैंगिक शिक्षणाविषयीच्या गैरसमजांची सविस्तर दखल घेतली. असे शिक्षण दिल्याने मुले बिघडतात, हा समज त्या निकालाने खोडून काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने हे शिक्षण नववीपर्यंत न थांबता लहान वयापासून द्यावे, असे मत नोंदवले. न्यायालय सांगते, शासन परिपत्रके काढते, आणि वर्गात शिक्षक पाठाचे पान उलटून पुढे जातात. शिक्षकांनाच सर्व दोष देऊन चालणार नाही. उद्या एखाद्या पालकाने शाळेच्या दारात येऊन गोंधळ घातला तर आपल्या पाठीशी कोण उभे राहील, हे त्यांना ठाऊक नसते.

या मौनाची किंमत मोजण्याची जागा म्हणजे औषधाचे दुकान. लेव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गर्भनिरोधक गोळी २००५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते आणि ते योग्यच झाले. असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, अशी ही दीड मिलिग्रॅमची एक गोळी आहे. स्त्रीबीज बाहेर पडणे ती लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. पण केवळ हात धरल्याच्या किंवा कपड्यांवरून झालेल्या जवळिकीच्या भीतीने जेव्हा ती घेतली जाते, तेव्हा नसलेल्या धोक्यावर औषध होते. शिवाय या गोळीने पुढची पाळी काही दिवस मागेपुढे होते. पाळी लांबली की गोळी लागू पडली नाही अशी समजूत होते आणि दुसरी गोळी घेतली जाते. त्याहून वाईट म्हणजे या गोळीत आणि गर्भपाताच्या गोळ्यांत अनेकांना फरक कळत नाही. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही औषधे कायद्याने केवळ नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नऊ आठवड्यांपर्यंतच वापरायची आहेत. गर्भ आहे की नाही याचीच खात्री न करता ती गुपचूप मिळवून घेणे म्हणजे रक्तस्रावाला निमंत्रण.

खात्री करणे मात्र अतिशय सोपे आहे. पाळीची तारीख उलटल्यावर, किंवा तारीखच नक्की नसेल तर संबंधानंतर तीन आठवड्यांनी, घरच्या घरी लघवीची चाचणी केली की बहुधा निर्णय लागतो. उत्तर नकारार्थी आले आणि पाळी तरीही आली नाही तर आठवड्याने पुन्हा चाचणी करावी आणि मग डॉक्टरांकडे जावे. महिनाभराची तगमग काही मिनिटांत संपू शकते. औषधाच्या दुकानात ओळखीचे कोणी भेटेल, ही धास्ती ती संपू देत नाही.

या अज्ञानाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. अशक्य गोष्टींची भीती बाळगणारा समाज शक्य गोष्टींबाबत आश्चर्यकारकरीत्या निर्धास्त असतो. पहिल्या वेळी गर्भ राहत नाही, पाळीच्या दिवसांत राहत नाही, संबंधानंतर लगेच धुतले की राहत नाही, मूल अंगावर पीत असेपर्यंत काळजी नाही, अशा समजुती विवाहित जोडप्यांतही सर्रास आढळतात. यांपैकी शेवटचीत काही अंशी तथ्य आहे. मात्र ते मूल सहा महिन्यांच्या आतले असेल, केवळ आईच्या दुधावर असेल आणि पाळी परत सुरू झाली नसेल, या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण होत असतील तरच. वीर्यपतनापूर्वी बाजूला होण्याच्या उपायावर विसंबणाऱ्या १०० जोडप्यांपैकी वर्षभरात सुमारे २० जणांकडे गर्भ राहतो. तेथे कोणाची झोप उडत नाही.

आणि काही ‘अशक्य’ वाटणाऱ्या गर्भधारणा खरोखर घडतात, त्या वेळी संशयाचे बोट मात्र स्त्रीकडेच वळते. पुरुषाची नसबंदी झाली तरी आधीच पुढे गेलेले शुक्राणू संपायला सुमारे तीन महिने लागतात. वीर्य तपासून खात्री होईपर्यंत दुसरे साधन वापरावे लागते. हे समजावून न सांगता घरी पाठवलेल्या माणसाच्या बायकोला दोन महिन्यांनी दिवस गेले, तर तिच्यावर काय प्रसंग गुदरतो याची कल्पना करावी. स्त्रियांच्या शस्त्रक्रियेतही हजारात पाचच्या आसपास अपयश येते. महाराष्ट्रातील सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांनी ही शस्त्रक्रिया करून घेतलेली असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. एवढ्या मोठ्या संख्येत हजारी पाच म्हणजे किरकोळ आकडा नव्हे. शस्त्रक्रियेनंतर गर्भ राहिला म्हणून केवळ तेवढ्यावरून डॉक्टरांचा हलगर्जीपणा सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले. स्त्रीचा दोष तर त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. पण हे तिच्या सासरी जाऊन कोण सांगणार?

त्याच पाहणीनुसार, सोलापूर जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्के जणींचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले होते. राज्याची सरासरी सुमारे २२ टक्के आहे. ज्या वयात टॉवेलच्या शंकेने एक मुलगी झुरते त्याच वयात तिच्या वर्गातली दुसरी खरोखर आई झालेली असते. तिसरीचे मुलाशी बोलणे घरी कळले म्हणून घाईने लग्न उरकले जाते. शंकेची भीती आणि बालविवाह यांचे मूळ येथे एकमेकांत गुंतले आहे. शंका उघड झाली तर शिक्षण सुटेल, हे त्या मुलीला अचूक कळलेले असते. म्हणून ती आईलाही विचारत नाही.

डॉक्टरांकडे जावे तर कायद्याचे भय. पोक्सो कायद्याने १८ वर्षांखालील मुलीचे संबंध, तिच्या संमतीने असले तरी, गुन्हा ठरतात आणि माहिती असणाऱ्यावर ती कळवण्याचे बंधन येते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या कायद्यात अविवाहित स्त्रियांनाही विवाहितांप्रमाणेच हक्क असल्याचा निर्णय दिला. त्याच निर्णयात, अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास पोलिसांना द्यावयाच्या माहितीत डॉक्टरांनी तिचे नाव-गाव उघड करण्याची गरज नाही, असेही म्हटले. फार मोलाची सवलत आहे ही. तालुक्याच्या गावातील किती दवाखान्यांच्या दारापर्यंत ती पोहोचली असेल, हा प्रश्नच आहे. जिला केवळ शंका आहे, प्रत्यक्षात काही घडलेलेच नाही, ती मुलगीही पोलिसांच्या भीतीने दवाखान्याची पायरी चढत नाही.

लोकांना हे विषय बोलायला आवडत नाहीत, असे कारण नेहमी दिले जाते. बार्शीला हे कारण शोभत नाही. १९८७ मध्ये टाटा मेमोरियल सेंटर आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या पुढाकाराने देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती. मुंबई-पुण्यात रुग्ण इस्पितळात येतो आणि त्याची नोंद होते. येथे रुग्ण इस्पितळात पोहोचतच नसे. तेव्हा कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांना भेटले, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणे सांगत बसले. अंगावरून पांढरे जाणे, मधल्या दिवसांत रक्त जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे असे शब्द १९८०-९० च्या दशकात या भागातील गावांच्या बैठकांत उच्चारले गेले. कोणीही संस्कृती बुडाल्याची ओरड केली नाही. केवळ या जागृतीच्या बळावर, चाचण्यांची कोणतीही मोठी मोहीम नसताना, लवकरच्या टप्प्यात निदान होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले आणि ते संशोधनपत्रिकांतून जगापुढे आले.

तेथेच थांबले नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. तपासणीसाठी बोलावलेल्यांपैकी तीनचतुर्थांशाहून अधिक जणी आल्या. विषाणूच्या एकाच चाचणीने मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते, हा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज जगभरच्या धोरणांत त्याचा आधार घेतला जातो. ज्वारी खुरपणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बायकांनी शरीराच्या सर्वात खासगी भागाची तपासणी करून घेतली. कारण त्यांच्याच बोलीत बोलणारी बाई त्यांच्या ओसरीवर येऊन कारण समजावून गेली होती. कर्करोगाला जे लागू पडले ते गर्भधारणेच्या शंकांना लागू पडणार नाही, असे मानण्याला आधार नाही. फरक आहे तो विषयाला चिकटलेल्या नैतिक संशयाचा.

यंत्रणेचा सांगाडा तर तयारच आहे. राज्यात किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ नावाची सल्ला केंद्रे सरकारी रुग्णालयांत चालवण्याची व्यवस्था आहे; त्यांची वेळ मात्र महाविद्यालयाच्या आणि एसटीच्या वेळेशी जुळायला हवी, आणि दारावर नाव वाचून कोणी आत जायला कचरू नये अशी त्यांची जागा हवी. गावात आशा कार्यकर्ती आहे. गर्भनिदानाची ‘निश्चय’ नावाची चाचणी आशांमार्फत उपलब्ध करून देण्याची योजना २००८ च्या सुमारास सुरू झाली. पण आशा जी नोंदवही ठेवते ती ‘पात्र जोडप्यां’ची असते, आणि पात्र जोडपे म्हणजे विवाहित जोडपे. बार्शीत खोली घेऊन राहणाऱ्या, पाळी आठ दिवस लांबलेल्या सतरा वर्षांच्या मुलीसाठी त्या वहीत रकानाच नाही.